रुग्ण सांगू शकल्या नाहीत

हाडांच्या वॉर्डात नवा आलेला पेशंट रत्नमाला साळवेला सिस्टर समजून पाणी मागायचा, आणि चार दिवस जुना झालेला तिला डॉक्टरीण समजून टाके कधी काढणार ते विचारायचा. ती दोन्ही नव्हती. ती फार्मासिस्ट होती. पण फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून देणारं माणूस, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खाटांमधून फिरत 'घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत' असं विचारणारी फार्मासिस्ट त्यांनी कुठं पाहिलेली नव्हती.

काउंटर तिनंही केला होता, औरंगपुऱ्यातल्या एका मेडिकलमध्ये, नऊ वर्षं. मग शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं वॉर्डांसाठी फार्मासिस्ट नेमायचं ठरवलं तेव्हा ती अर्ज करून आली, सहा महिने शिकली आणि रुळली. काम सांगायला सोपं होतं. पेशंट भरती झाला की त्याच्या घरच्या औषधांची पिशवी उघडायची, कोणती गोळी कशासाठी, कधीपासून, किती वेळा ते विचारायचं आणि इथल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाशी ते ताडून बघायचं. एकच औषध दोन नावांनी दोनदा चाललंय का, किडनी अधू असताना डोस जास्त पडतोय का, हे बघायचं. सुट्टी होताना पुन्हा बसून सगळं समजावून द्यायचं. पहिल्या वर्षी डॉक्टर तिला 'मेडिकलवाल्या मॅडम' म्हणून बाजूला सारायचे. आठव्या वर्षी हाडांच्या विभागाचे मुख्य डॉ. सुदर्शन बोरसे "मॅडम आल्या का?" असं विचारल्याशिवाय राउंडला निघत नसत.

रत्नमाला मूळची पाचोडची. वडील मोतीराम आसपासच्या वाड्यांवर टपाल वाटायचे. चौदा एप्रिलला इतरांच्या पोरींना नवे कपडे यायचे, हिला नवं पुस्तक यायचं. आई वच्छलाबाई रोजानं शेतात जायची. तिला अक्षरओळख नव्हती. पोरगी शहरात फार्मसी कॉलेजला आली, आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात काहीतरी विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "मला ठावं नाय, सर." अख्खा वर्ग खिदळला.

त्या दिवसापासून तिनं गावाकडचं बोलणं टाकलं. 'नाय'चं 'नाही' केलं, 'पायजे'चं 'पाहिजे', 'कामून'चं 'का'. वसतिगृहाच्या आरशासमोर उभं राहून घोकलं. दोन वर्षांनी कुणीतरी तिला विचारलं, "तू पुण्याची का गं?" आणि तो आनंद तिला महिनाभर पुरला. आईचा फोन आला की मात्र ती जिन्यात जाऊन, भिंतीकडं तोंड करून बोलायची. लग्न झालं, पोरगी झाली, चाळिशी आली, तरी ती सवय गेली नाही.

कडूबाई भरती झाल्या तो सोमवार होता. पासष्टीच्या बाई, पाचोडजवळच्या एका वाडीच्या. मोसंबीच्या बागेत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रक्तातली साखर फार वाढलेली होती. ती खाली आली की पुढच्या सोमवारी ऑपरेशन करायचं ठरलं.

नेमकं त्याच आठवड्यात दवाखान्याच्या तपासणीला बाहेरचं पथक येणार होतं. कागद, नोंदवह्या, शिक्के, सगळ्यांची धांदल. रत्नमालाला त्या सकाळी तासाभरात नऊ पेशंट उरकायचे होते. तिच्या मनात तेव्हा शब्दही तोच होता, उरकायचे.

कडूबाई सात नंबरच्या खाटेवर होत्या. पायाला वजन लावून ताणून ठेवलेलं. मुलगा गोकुळ एक्स-रे आणायला खाली गेलेला.

"मावशी, घरच्या गोळ्या आहेत का जवळ?"

कडूबाईंनी उशाजवळची कापड दुकानाची पिशवी पुढं केली. आत तीन पट्ट्या. त्यांनी दोन वेगळ्या काढल्या. "ह्या रोजच्या. एक साखरंची, एक बीपीची." मग पिवळ्या गोळ्यांची तिसरी पट्टी हातात धरली. "आन् ही बाजाराची."

"बाजाराची?" रत्नमालानं मान वर न करता विचारलं. "डॉक्टरांनी दिलेली नाही का?"

"दिली ना. डॉक्टरनंच दिली, सांध्याच्या दुखण्यासाठी. पन बाजाराची हाय ती."

"हे बघा मावशी, बाजारातलं, बाहेरचं काही घ्यायचं नाही आता. इथले डॉक्टर लिहून देतील तेच घ्यायचं."

"तसं नाय वं बाई. बाजाराच्या..."

"नीट सांगा ना. नीट बोललात तर मला कळेल."

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. कडूबाईंनी पट्टी रत्नमालाच्या हातात दिली. "तुमाला ठावं," असं म्हणून त्या वरच्या पंख्याकडं बघत राहिल्या.

रत्नमालानं पट्टीवरचं नाव वाचलं. मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम. समोरच्या कागदावरही तेच नाव होतं, तेवढीच ताकद होती. त्यापुढं शिकाऊ डॉक्टर सुयशनं लिहिलं होतं, रोज एक. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज गेली तर शरीरात नवं रक्त तयार होणंच बंद पडतं. रत्नमाला हे झोपेतून उठवलं असतं तरी सांगू शकली असती. सिस्टरांच्या वर्गात ती दरवर्षी याच गोळीचं उदाहरण द्यायची. पण त्या घटकेला तिनं नाव जुळतंय एवढं पाहिलं, ताकद जुळतेय एवढं पाहिलं, एकेक मुद्दा तपासून वेगळी खूण करायच्या सहा चौकटींवरून एकच उभी रेघ ओढली, खाली सही केली आणि आठ नंबरकडं वळली.

पुढचे चार दिवस ती वॉर्डाकडं फिरकली नाही. पथकासोबत फिरली, फायली दाखवल्या. वॉर्डातली औषधं कशी तपासली जातात हे तिनंच पथकाला समजावून सांगितलं. पथकातल्या बाईंनी मान डोलावली.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला ती वॉर्डात आली तेव्हा सिस्टर प्रेरणा म्हणाली, "मॅडम, सात नंबरच्या आजी दोन दिवस जेवत नाहीयेत. तोंड आलंय म्हणतात, पण एवढं कधी बघितलं नाही हो. ओठसुद्धा फुटलेत."

रत्नमालानं फाईल उघडली. पिवळ्या गोळीपुढं सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज एक, अशा सहा सह्या. तिनं मागचं पान उलटलं. तिथं ती उभी रेघ होती आणि खाली तिचीच सही.

त्यानंतरच्या तासाभरात तिनं जे केलं त्यात खोट काढायला जागा नव्हती. गोळी बंद केली, रक्त तपासायला पाठवलं, डॉ. बोरसेंना फोन लावला, या विषावर उतारा म्हणून द्यायचं इंजेक्शन स्वतः जाऊन आणलं. पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली आल्या होत्या. कडूबाईंना आयसीयूत हलवलं. स्ट्रेचर जाताना त्यांनी डोळे उघडून रत्नमालाकडं बघितलं. तोंड उघडवत नव्हतं, म्हणून काही बोलल्या नाहीत. रत्नमालाला त्या घडीला सुटल्यासारखं वाटलं. या सुटल्यासारखं वाटण्याचीच पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

डॉ. बोरसे आले ते थेट सुयशवर घसरले, वॉर्डाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. "रोज? मेथोट्रेक्सेट रोज? एमबीबीएस कुठून केलंस रे?" सुयशचा चेहरा कागदासारखा झाला. मग बोरसे रत्नमालाकडं वळले. "मॅडम होत्या म्हणून पकडलं गेलं. नाहीतर सोमवारी टेबलवर घेतलं असतं आपण बाईंना."

रत्नमालानं तोंड उघडलं. "सर, मी पण..." एवढं म्हणाली. पण बोरसे पुढं निघून गेले होते, आणि तिनं त्यांना हाक मारली नाही.

दुपारी घटनेचा अहवाल भरायचा होता. फॉर्ममध्ये एक रकाना होता: रुग्णाकडून माहिती घेतली होती का? रत्नमाला पेन धरून बराच वेळ बसली. म्हातारी काहीतरी सांगत होती, एवढं तिला आठवत होतं. काय, ते कळलं नव्हतं. मग तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'होय. रुग्ण निरक्षर. औषध कसे घेतात हे सांगू शकल्या नाहीत.'

संध्याकाळी ती पार्किंगमध्ये स्कूटीपाशी उभी होती तेव्हा आईचा फोन आला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिनं उचलला.

"कामून गं माला, इसरलीस का आमाला?" वच्छलाबाई म्हणाल्या. "चार बाजार झाले तुला येऊन. तुझे बाबा दर बाजाराला म्हनतात, आज येईल."

"काय म्हणालीस आई?"

"चार बाजार झाले म्हनलं. महिना झाला की गं."

रत्नमाला स्कूटीच्या सीटवर बसली. तिच्या लहानपणी घरात आठवडा हा शब्दच कुणी वापरत नव्हतं. वडिलांचा ताप दोन बाजार टिकला होता. म्हैस विकून तीन बाजार झाले होते. बाजाराला केस धुवायचे, बाजाराला नखं काढायची. आठवड्यातून एकदा करायची ती प्रत्येक गोष्ट बाजाराची. ही बाजाराची गोळी. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? एखाद्या पुण्याच्या फार्मासिस्टला ते कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. दवाखान्यातल्या सगळ्या माणसांत ज्या एकीला ते ऐकताक्षणी कळायला हवं होतं, ती रत्नमाला होती, आणि तिनंच सांगितलं होतं, नीट बोला.

"माला? हायेस का?"

"आहे आई," ती म्हणाली. "हाय."

आता हे वाचणाऱ्याला वाटेल की दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन खरं सांगितलं असेल. तसं झालं नाही. रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी बैठक झाली. दवाखान्याच्या अधीक्षकांनी तिचं नाव घेऊन सांगितलं की वॉर्डात फार्मासिस्ट असल्याचा फायदा काय, हे या प्रसंगातून सर्वांनी शिकावं. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुयश शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला एकट्यानं औषधं लिहायला बंदी झाली होती आणि लेखी खुलासा मागवला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. रत्नमालानं टेबलाच्या काठाकडं बघत मान हलवली.

घरी पोरीनं विचारलं, "आई, तुझी तब्येत बरी नाहीये का?" नवऱ्यानं विचारलं. ती डोकं दुखतंय म्हणाली. अहवाल परत मागून दुरुस्त करता आला असता, फक्त एक अर्ज द्यायचा होता. रोज सकाळी ती ठरवून निघायची आणि रोज दुपारपर्यंत ते पुढं ढकललं जायचं. आयसीयूसमोरून जायला नको म्हणून मागच्या जिन्यानं चढायला लागली. कडूबाईंच्या रक्ताचे रिपोर्ट मात्र दिवसातून तीनदा संगणकावर बघायची. पेशी एक दिवस आणखी उतरल्या, दोन दिवस तिथंच राहिल्या, मग हळूहळू चढू लागल्या. म्हातारी गेली असती तर आपण खरं सांगितलं असतं का, असा प्रश्न एकदा तिच्या मनात आला. तिनं पुन्हा एकदा रिपोर्ट उघडला.

दहाव्या दिवशी कडूबाईंना वॉर्डात परत आणलं. सातच नंबर. सकाळची जेवणं वाटून झाली होती. त्या चमच्यानं पेज पीत होत्या आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटत होत्या. रत्नमाला खाटेशी जाऊन उभी राहिली. हातात फाईल नव्हती.

"मावशी, वळखलं का मला?"

"वळखलं ना. गोळ्यावाली बाई तुमी."

"मावशी, मी पाचोडची हाय."

कडूबाईंनी चमचा खाली ठेवला. "पाचोडची? कोनाची गं?"

"मोतीराम टपालवाल्याची."

"आगं बया! मोतीराम साळव्याची?" म्हातारीच्या फुटक्या ओठांवर हसू आलं. "लई भला मानूस. माजा थोरला मिल्ट्रीत व्हता. त्याचं पत्र आलं की मोतीराम वट्यावर बसून वाचायचा. मला एकदा ऐकून समजायचं नाय, तर परत वाचायचा. तिसऱ्यांदा म्हनलं तर तिसऱ्यांदा. कदी कावला नाय." मग हसू हळूहळू मावळलं. त्या रत्नमालाकडं बघत राहिल्या. "मंग तुला बाजार समजला नाय व्हय?"

वीस-बावीस वर्षांत ती असं चारचौघांत बोलली नव्हती. "समजला असता मावशी. म्या ऐकलंच नाय. तुमी सांगत व्हत्या आन् मी घड्याळाकडं बघत व्हते. ती गोळी तुमाला रोज गेली, त्याच्यानं ही दशा झाली. लिहिणारानं चुकीचं लिहिलं, पन ते पकडायचं काम माजं व्हतं. आन् वरून..." ती थांबली. "वरून म्या कागदावर लिहिलं की तुमी अडाणी हायेत, तुमाला सांगता आलं नाय."

"म्या तर सांगितलं व्हतं."

"व्हय."

"तीनदा सांगितलं व्हतं."

"व्हय मावशी."

कडूबाईंनी पेजेची वाटी बाजूला सारली आणि तोंड खिडकीकडं केलं. रत्नमालाला वाटलं होतं, त्या रडतील, शिव्या देतील, नाहीतर 'जाऊ दे पोरी' म्हणतील. यातलं काहीच झालं नाही.

गोकुळ दारात उभा होता. त्यानं शेवटचं ऐकलं होतं. चाळिशीचा, रापलेला माणूस. आवाज न चढवता तो म्हणाला, "मॅडम, माही माय आठ दिवस थुंका गिळू शकली नाय. मी इथल्या परत्येकाला विचारलं, काय झालं म्हून. सगळे म्हनले, औषध सोसलं नाय. आन् तुमी हिलाच अडाणी ठरवून मोकळ्या झाल्या?"

"माझं चुकलं, भाऊ."

"चुकलं ते चुकलं. पन लिव्हलं, ते चुकून नाय लिव्हलं." तो खाटेपाशी जाऊन बसला. "जा तुमी आता."

ती गेली ती थेट अधीक्षकांच्या खोलीत. अधीक्षकांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "कशाला हे, मॅडम? प्रकरण मिटलंय. पेशंट बरी होतेय. तुम्ही चांगल्या आहात कामाला."

"सर, मी लिहिलेलं खोटं आहे. पेशंटनं मला बरोबर माहिती दिली होती. ते नोंदीत आलं पाहिजे. आणि डॉक्टर सुयशवर एकट्यावर ठपका आहे, तो तसा राहू नये."

नवा अहवाल गेला. रत्नमालाला लेखी ताकीद मिळाली, सिस्टरांचे वर्ग घेणं तिच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि सहा महिने तिच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या फार्मासिस्टची सही लागेल असं ठरलं. ती दुसरी म्हणजे तनुजा, तिनंच शिकवून तयार केलेली. पहिल्या दिवशी तिच्या कागदावर सही करताना तनुजाचे कान लाल झाले. डॉ. बोरसे राउंडला निघताना तिची चौकशी करेनासे झाले. सुयशची बंदी उठली. कॅन्टीनजवळ तो समोर आला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, मी आधीच बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "दहा दिवस. मी रोज विचार करायचो, मॅडमनी एका नजरेत पकडलं ते मला लिहिताना कळलं नाही, म्हणजे मी किती गाढव असेन." मग म्हणाला, "चूक माझीपण होतीच." आणि चहा न घेताच निघून गेला.

ऑपरेशन तीन आठवडे उशिरा झालं. इतके दिवस पडून राहिल्यानं पायातली ताकद गेली होती. कडूबाई वॉकर घेऊन उभ्या राहिल्या, पण मोसंबीच्या बागेत पुन्हा जाणं होणार नाही असं डॉक्टरांनी गोकुळला स्पष्ट सांगितलं. घरी निघाल्या त्या दिवशी रत्नमाला वॉर्डातच होती. जीप येईपर्यंत त्या दारापाशी व्हीलचेअरवर बसल्या होत्या. तिनं लांबूनच हात जोडले. त्यांनी बघितलं की नाही, ते तिला कळलं नाही.

दोन महिन्यांनी कडूबाई तपासणीला आल्या. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या होत्या आणि त्या समजावून सांगायला फार्मासिस्टकडं पाठवलं होतं. त्या दिवशी बाहेरच्या विभागात रत्नमालाच होती. गोकुळनं वॉकर धरला होता. कडूबाई दोन खुर्च्या अलीकडंच थांबल्या आणि पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "तू नगं. दुसरी कोनी आसंल तर बोलाव."

रांगेतल्या सात-आठ माणसांनी माना वळवून बघितलं.

"हाय ना मावशी. बोलावते."

तिनं तनुजाला हाक मारली, आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः पडद्यापलीकडं गेली. तनुजा एकेक पट्टी हातात घेऊन विचारत होती, म्हातारी बोलत होती, मधे गोकुळ काही सांगायला गेला तर "तू गप ऱ्हाय, मला इचारलंय तिनं," असं म्हणत होती. सगळं सांगून होईपर्यंत वीस मिनिटं लागली. मग वॉकरचा आवाज फरशीवरून दाराकडं गेला. रत्नमाला पडद्यामागून बाहेर आली. तनुजानं लिहिलेला कागद तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. सगळं बरोबर होतं. तिनं कागद परत दिला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आत यायला सांगितलं.